म्हैस असो की पाणघोडा: छोट्या ब्राँझसाठी समोर बसून मेणकाम

राणीच्या बागेतला पाणघोडा असो की गोठ्यातली म्हैस, जनावर आपल्यासाठी स्थिर उभं राहत नाही. म्हणून मेणाचा एकच गोळा घेऊन बसू नका. तीन-चार लहान गोळे तारेवर चढवून ठेवा, प्रत्येक ठेवणीला एक. रवंथ करताना म्हैस मान फिरवते, पण थोड्या वेळाने पुन्हा तिथेच येते. ती आली की तोच गोळा उचलायचा. आधी कपाळाचं हाड, डोळ्याची खोबण आणि जबड्याचा कोन पकडा. सुरकुत्या घरी येऊनही करता येतात, हाडं मात्र नाहीत. कान कागदासारखे पातळ नकोत. पुढे या मेणावरून ब्राँझ ओतताना वितळलेला रस पातळ कडेपर्यंत पोचण्याआधीच थिजतो.

कोकणातल्या वैशाखात मेण बोटांतच लिबलिबीत होतं. काम सकाळीच उरका आणि गार पाण्याची बादली जवळ ठेवा. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांची म्हैस जरूर पाहा, तिच्या अंगाचा भार कुठे पडलाय ते निरखा.

ब्राँझ घरी आलं की त्यावर मेणाचा पातळ हात द्या. नाहीतर खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने त्यावर हिरवी भुकटी धरते.