इंडिकेटर बिघडला? आधी टिकटिक ऐका

दिवाळीनंतर कापूस वेचणीला जोर आला की रात्री आमच्या यवतमाळकडच्या रस्त्यांवर कापसानं भरलेल्या बंड्या नि ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. अशा रस्त्यावर निदान आपल्या गाडीनं तरी वळताना सांगून वळावं. पण इंडिकेटर बिघडला की माणूस सरळ तालुक्याला जातो आणि तिथे ऐकतो, "फ्लॅशर गेला, बदलून टाका." फ्लॅशर म्हणजे इंडिकेटरला लुकलुकवणारी छोटी डबी. मीही एकदा बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! शेवटी निघालं काय, तर मागच्या दिव्याच्या होल्डरवर चढलेला हिरवा थर.

तेव्हापासून पान्याला हात लावण्याआधी मी कान लावतो.

इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करा आणि आधी डावा, मग उजवा इंडिकेटर द्या. चांगला इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. डावीकडची टिकटिक संथ आणि उजवीकडची घाईघाईची असेल, तर उजवीकडचा पुढचा किंवा मागचा बल्ब लागत नाही. साधा बल्ब २१ वॅटचा असतो, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. दोनांतला एक गेला की करंट जवळपास निम्म्यावर येतो आणि फ्लॅशर वेग वाढवतो. म्हणजे फ्लॅशर धडधाकट आहे, तोच तर बोंबलून सांगतोय. हौसेनं एलईडी बल्ब लावले असतील, तर ते करंट कमी ओढतात, म्हणून सगळं ठीक असूनही अशीच घाई होते.

टिकटिक अजिबात नसेल, तर डॅशबोर्डवरचं लाल त्रिकोणाचं हजार्डचं बटण दाबा. चारही दिवे लुकलुकले, तर बल्ब आणि बहुधा फ्लॅशरही ठीक. दोष इंडिकेटरच्या फ्यूजमध्ये किंवा स्टिअरिंगखालच्या दांडीच्या स्विचमध्ये शोधा. चारही गप्प राहिले, तर फ्यूज आणि त्यानंतर फ्लॅशर. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर कोणता कशाचा ते छापलेलं असतं. उडालेल्या फ्यूजची आतली पट्टी तुटलेली दिसते. नवा तेवढ्याच अँपिअरचा घाला: १० चा लाल असतो, १५ चा निळा. तो पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला चिकटते आहे. तिथे मोठा फ्यूज ठोकणं म्हणजे वायरिंग जाळायला काडी लावणं. एकाच बाजूचे दिवे बंद असतील, तर मात्र फ्लॅशरच्या मागे लागू नका. तो दोन्ही बाजूंना एकच असतो.

आता बल्ब. दिवा थंड होऊ द्या, होल्डर फिरवून बाहेर काढा, बल्ब आत दाबून डावीकडे फिरवा. तार तुटली असेल किंवा काच काळी पडली असेल, तर नवा आणा, आणि दुकानात जुना सोबत न्या. पिवळ्या बल्बच्या दोन पिना समोरासमोर नसतात, थोड्या तिरक्या असतात; पांढऱ्याच्या अगदी समोरासमोर. बसत नसला तर जोर करू नका.

बल्ब चांगला निघाला तर खरी गंमत पुढे आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, दिव्याच्या काचेला तडे पडतात, मग पावसाळ्यात त्यातून पाणी शिरतं. होल्डरमध्ये हिरवा-पांढरा थर चढतो. पॉलिश पेपरनं तो घासून काढा, वाकलेली पट्टी हलकेच वर उचला. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव.

तरीही लागत नसेल, तर १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन लांब वायरी घेऊन टेस्ट लॅम्प बनवा. एक वायर गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला धरा, दुसरी होल्डरमधल्या मधल्या टोकाला, आणि इंडिकेटर चालू करा. लॅम्प लुकलुकला तर करंट येतोय. मग दुसरी चाचणी: एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी होल्डरच्या कडेच्या धातूला. लॅम्प लागला नाही तर अर्थ (करंट गाडीच्या लोखंडावाटे परत नेणारी जोडणी) तुटलेला आहे. अर्थ गेल्याची एक खूण टेस्ट लॅम्पशिवायही ओळखू येते: इंडिकेटर देताच त्याच बाजूचा मागचा दिवाही मिणमिणत लुकलुकतो. अर्थचा स्क्रू सोडा, खालचा गंज खरवडा, पुन्हा आवळा.

करंटच येत नसेल, तर वायरीच्या मागे जा. गाडी गोठ्यात, कुटाराच्या ढिगाशेजारी उभी राहत असेल, तर आधी उंदरांवर संशय घ्या. डिकीचं आवरण उचला, कुरतडलेली वायर बहुतेक तिथेच दिसेल. बॅटरीचं मायनस टोक काढून जोड द्या: पीळ, कथील, वर गरम करून आवळणारी नळी. नुसती टेप लावली तर मे महिन्यात तिचा गोंद वितळून ती सुटते.

नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतो, ते काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा कॉम्प्युटर करतो. बल्ब, होल्डर, अर्थ, फ्यूज सगळं ठीक असूनही तिथे दिवा लागत नसेल, तर स्कॅनर असलेल्या माणसाकडेच न्या. आणि न्यायच्या आधी काय काय तपासलं ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर पुन्हा बल्बपासून सुरुवात होईल आणि बिल तुमच्या नावावर.