कॉम्प्युटर थेट डीसीवर चालवताय? या चुका टाळा

इन्व्हर्टर मधनं काढून कॉम्प्युटर थेट सोलरच्या बॅटरीवर घ्यायचा, ही कल्पना मला मनापासून पटते. नाहीतर बॅटरीचं डीसी आधी २३० व्होल्ट एसी करायचं आणि एसएमपीएसनं (कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायनं) त्याचं परत १२ व्होल्ट डीसी करायचं, दोन्ही ८५ टक्के धरले तरी हातात ७२ टक्केच उरतात. पण वायरकडं कुणी बघतच नाही! कोल्हापुरात राजारामपुरीतनं पीसी भारीतला आणायचा आणि वायर घरात पडलेली वापरायची, याचा मला लई राग येतो.

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत पहाटे लाईन लागली की नेमका बिलाच्या वेळेला मिनी पीसी रिस्टार्ट व्हायचा. दोन पीसी बदलून झालेले, दूध घालायला आलेली माणसं ताटकळत उभी, आणि जो येईल तो पीसी बंद ठेवून व्होल्टेज मोजणार, साडेबारा दिसलं की बॅटरी ओके म्हणून जाणार. मी पीसी आणि मॉनिटर चालू ठेवून पीसीच्या टोकाला मीटर लावला, साडेदहा! बॅटरी १२ मीटर लांब, वायर दीड स्क्वेअर एमएमची, जाऊन-येऊन २४ मीटर म्हणजे साधारण ०.२९ ओहम, त्यातनं ७ अँपिअर गेले की २ व्होल्ट वायरीतच गेले, म्हणजे १४ वॉटची नुसती उष्णता. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये घेऊन २४ व्होल्ट केले आणि २४ चे १२ करणारा बक कन्व्हर्टर पीसीच्या शेजारी बसवला. व्होल्ट दुप्पट म्हणून करंट निम्मा, आणि करंट निम्मा झाला की वायरीतला लॉस चौथ्या हिश्श्यावर येतो, टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालतात ते उगाच नाही. तेव्हापासून मी लोड चालू असताना आणि लांबच्या टोकालाच मोजतो.

बॅटरी थेट डेस्कटॉपच्या १२ व्होल्ट लाईनला जोडू नका, तिथं ११.४ ते १२.६ एवढंच चालतं आणि चार्जिंगला बॅटरी १४.४ पर्यंत जाते. मधे डीसी-डीसी कन्व्हर्टर पाहिजेच, दोन-चारशे रुपये वाचवायला मदरबोर्ड पणाला लावू नका.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच, पीसीजवळ नाही.

घरातला एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) डीसीला वापरू नका, एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतं म्हणून स्विच पडताना उठणारी ठिणगी विझते, डीसीत ती तशीच जळत राहते.

आणि २४ च्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरनं राऊटरला १२ काढायचे नाहीत, ती बॅटरी आधी मरते, राऊटरला वेगळा छोटा कन्व्हर्टर घ्या.