शेत चिबडतंय, आधी चर काढा

पोळ्यानंतर काळ्या जमिनीत पाणी मुरायला जागा उरत नाही. आता येणारा पाऊस साचणार. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. नदीच्या पुराला इलाज नव्हता. पण पूर शिवलाही नाही अशा रानांत सखल भागातली तूर मर लागून वाळते, कपाशी माना टाकते, हे दरवर्षीचं आहे. कारण एकच, पाण्याला वाट ठेवलेली नसते.

चांगल्या शेतातही एखादा कोपरा चिबड, म्हणजे पाणी धरून राहणारा असतो. लव्हाळा आपोआप माजतो, दोन दिवस उघडीप असूनही पाय रुततो, ती जागा धरा. तिथलं सोयाबीनचं एक झाड मातीसकट उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर मूळ चालू आहे. करडी-हिरवट निघाली, मातीला कुजका वास आला, तर मुळांना हवा नाही. असं झाड खत उचलत नाही. दुकानात मात्र पिवळं पान दाखवलं की ह्युमिक आणि टॉनिकच्या बाटल्या हातात पडतात. तेच पैसे मजुराला द्या अन् चर काढून घ्या.

चर सर्वांत खोल जागेपासून उताराने ओढ्यापर्यंत न्या. माझ्या अंदाजाने दीड फूट खोली बहुतेक रानांना पुरते, फार भारी जमीन असेल तर जास्त. धुऱ्यापाशी (बांधापाशी) थांबवू नका, पाणी शेजाऱ्याच्या तुरीत घुसेल. त्याला आजच बोलवा, दोघांचा एकच चर धुऱ्याने काढा. पीक दाटलेलं असेल तर चार ओळींआड कुदळीने सरी मोकळी करा.

कपाशी अचानक मलूल झाली तर आधी पाणी बाहेर काढा. मग 10 लिटर पाण्यात युरिया 200 ग्रॅम, पांढरा पोटॅश 100 ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराईड 25 ग्रॅम मिसळून दर झाडाच्या बुडाशी 100 मिली ओता (आळवणी) आणि तिथली माती पायाने दाबा. एक-दोन दिवसांच्या आत हे झालं तर झाडं सावरतात, उशीर झाला की नाही.

जायकवाडी, माजलगावच्या कालव्याखालच्या मंडळींनी जिप्समची पोती घेण्याआधी माती तपासावी. सामू (pH) 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त, म्हणजे चोपण, तिथेच जिप्सम लागू पडतं. निचरा नसेल तर तिथेही वाया जातं.

बाकी कामं:
- वाफसा (माती ओलसर पण न चिकटणारी) आल्याशिवाय कोळपणी, खत नाही
- हळदीच्या सऱ्यांची तोंडं मोकळी
- मेलेली तूर उपटून शेताबाहेर
- सोयाबीन काढणीआधी ताडपत्री तयार
- रब्बीला चिबड तुकड्यात हरभरा नको

चर गाळाने बुजतो. प्रत्येक मोठ्या पावसानंतर फावडं घेऊन त्याचं तोंड बघून या, रात्री पाऊस झाला तर सकाळी चहाच्या आधी.