शाब्दिक उदाहरणं सोडवताना या चुका टाळा

'समीकरण सोडवता येतं, पण मांडताच येत नाही.' दहावीची मुलं हे सांगतात तेव्हा ती खरंच बोलत असतात. बहुतेकांची आकडेमोड ठीक असते. घोटाळा त्याआधीच, मराठी वाक्य गणितात उतरवताना झालेला असतो. म्हणून उदाहरण आधी एकदा नुसतं गोष्टीसारखं वाचा. पेन दुसऱ्या वाचनाला उचला.

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच ओळीत होते. 'क्ष = आई, य = मुलगी' असं लिहिलेलं मला वह्यांमध्ये सारखं दिसतं. क्ष म्हणजे आई नव्हे; क्ष म्हणजे आईचं आजचं वय, वर्षांमध्ये. हा फरक किरकोळ वाटतो, पण तो सुटला की पुढचं सगळं घसरतं. 'मुलांची संख्या शिक्षकांच्या संख्येच्या तीसपट आहे' या वाक्याचं कितीतरी जण ३०म = श असं करतात, कारण त्यांच्या लेखी म म्हणजे मुलं, मुलांची संख्या नव्हे. शंका आली तर साधे आकडे घालून बघा. शिक्षक १० असतील तर मुलं ३००. म्हणजे श ला ३० ने गुणल्यावर म मिळतो, आणि समीकरण म = ३०श असं हवं.

आता हे बघा. आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. ५ वर्षांनी ते तिप्पट होईल. मुलीचं आजचं वय क्ष, आईचं ४क्ष. माझ्याकडच्या एका मुलीने ४क्ष = ३(क्ष + ५) असं मांडलं आणि उत्तर काढलं: मुलगी १५, आई ६०. तिने ताळाही केला: ४ × १५ = ६०, ३ × २० = ६०. जुळलं! तरीही उत्तर चूक, कारण ५ वर्षांत आईचंही वय वाढतं, ते ६५ होतं आणि ६५ ही २० ची तिप्पट नाही. ताळा तिने स्वतःच्या चुकलेल्या समीकरणात केला होता. तो प्रश्नातल्या वाक्याशीच करायचा असतो. बरोबर मांडणी ४क्ष + ५ = ३(क्ष + ५), म्हणजे मुलगी १० आणि आई ४०. आणि कंस विसरून ४क्ष + ५ = ३क्ष + ५ लिहिलंत, तर मुलीचं वय शून्य येतं! असं उत्तर आलं की खाडाखोड न करता सरळ मांडणीकडे परत जा.

दोन अंकी संख्येत दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल, तर संख्या १०क्ष + य होते. 'क्षय' लिहिलं तर तो गुणाकार झाला. ३६ म्हणजे ३ × ६ नव्हे, एवढं आठवलं तरी पुरे.

वेग-वेळेच्या उदाहरणांत चांगली मुलंही फसतात. १ तास २० मिनिटं म्हणजे १.२० तास नव्हे, ४/३ तास. ताशी ६० किमी वेगाने गाडी तेवढ्या वेळात ८० किमी जाते, १.२० धरलंत तर ७२ येतात, आणि ७२ हा आकडा इतका सरळ दिसतो की कुणाला संशयही येत नाही.

अर्थनियोजनात 'करासह किंमत ११८० रुपये, जीएसटी १८%' असं आलं की मुलं ११८० चेच १८% काढून वजा करतात. कर करपात्र किमतीवर लागतो. ती १०० असेल तर करासह ११८. म्हणून करपात्र किंमत १००० रुपये. प्रत्येक शेकडेवारीच्या शेजारी 'कशाचे?' एवढं लिहायची सवय मी मुलांना लावते.

वर्गसमीकरणाची दोन मुळं आली की ऋण मूळ डोळे झाकून खोडू नका. आयताची रुंदी –१२ मीटर असू शकत नाही, तिथे जरूर खोडा आणि कारणही लिहा. पण 'दोन क्रमागत सम पूर्णांकांचा गुणाकार ४८ आहे' असा प्रश्न असेल, तर ६ आणि ८ जितके बरोबर, तितकेच –८ आणि –६. प्रश्नात 'नैसर्गिक' म्हटलंय की 'पूर्णांक', त्या शब्दाखाली वाचतानाच रेघ मारून ठेवा.