.३२ च्या रिव्हॉल्व्हरात जास्त दाबाचं काडतूस घालावं का?

दिवाळीत भाचा आला होता. वाळवा तालुक्यात त्याचा पोल्ट्रीचा धंदा आहे, रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरावं लागतं, म्हणून दोन वर्षं हेलपाटे मारून त्याने परवाना काढला आणि .३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसला आणि हळूच म्हणाला, "मामा, एक जण सांगत होता, आपल्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस लई मऊ. पिस्तुलाचं .३२ घाल म्हणाला. बसतंय, वाजतंय आणि जोरबी जास्त."

मी फौजेत चोवीस वर्षं आर्मरर होतो. हत्यारं उघडणं, तपासणं, झिजलेला भाग बदलणं, हेच काम. आता कोरेगाव तालुक्यात गावी असतो. आमच्याकडे घरटी माणूस फौजेत, त्यामुळे परवान्याची हत्यारंही बरीच आहेत. भाच्याचा हा प्रश्न मला आजवर निदान दहा जणांनी विचारला असेल. म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतो.

आधी दाब म्हणजे काय ते बघू. गाडीच्या टायरमध्ये ३०-३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ३०-३२ पौंड दाबाची हवा असते. साखर कारखान्याचा ४५ किलो दाबाचा बॉयलर म्हणजे साधारण ६४० पीएसआय. रिव्हॉल्व्हरच्या .३२ लाँग काडतुसात दारू पेटली की दाब १५,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. तो क्षणभरच टिकतो, पण त्या क्षणी तुमची मूठ तिथून दोन बोटांवर असते. ही १५,००० ची मर्यादा अमेरिकेतल्या 'सामी' या काडतूस कारखानदारांच्या संस्थेने ठरवलेली आहे. काडतूस १८९६ सालचं आहे, आणि त्या काळच्या पोलादाची जुनी हत्यारं अजून लोकांच्या कपाटात आहेत. मर्यादा खाली ठेवलीय ती त्यांच्यासाठीच.

पिस्तुलाच्या .३२ ची मर्यादा २०,५०० आहे, म्हणजे सव्वापटीहून बरीच जास्त. परवान्यावर दोन्हीपुढे '.३२' एवढंच लिहिलेलं असतं, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. दोन्ही काडतुसांच्या अंगाची जाडी जवळजवळ सारखी, साडेआठ मिलिमीटर. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची बुडाची कड साडेनऊ मिलिमीटर रुंद असते, तिच्यावर ते चक्रीत, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागात, अडकून राहतं. पिस्तुलाच्या काडतुसाची कडही थोडी बाहेर आलेली असते, नऊच्या आसपास. त्यामुळे तेही चक्रीत अडकतं, घोडा पडला की वाजतंही, आणि माणसाला वाटतं जमलं. पण त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरलेली धातूची नळी, सहा मिलिमीटर आखूड आहे. गोळी चक्रीतल्या मोकळ्या जागेतून उडी मारत नळीकडे जाते, आणि मागच्या पोलादावर असा दाब येतो जो सोसायला ते कधी घडवलेलंच नव्हतं.

चार-पाच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने आजोबांच्या वेळचं रिव्हॉल्व्हर मला दाखवायला आणलं होतं. बिजागरीवर मधून मोडून उघडणारं, जुन्या विलायती घाटाचं. त्याने अशीच सहा काडतुसं उडवली होती. चक्रीतून पुंगळ्या निघत नव्हत्या. दोन पुंगळ्या नुसत्या हाताने निघाल्या, बाकीच्या मी पुढून लाकडी काडी घालून ठोकून काढल्या. एक अंगावर उभी चिरली होती. बुडावरची टोपी, जिच्यावर घोड्याचा मार बसतो आणि जी कडेला गोलसर असायला हवी, ती कोपऱ्यापर्यंत दाबून नाण्यासारखी सपाट झाली होती. हत्यार बंद करून दिव्यासमोर धरलं, तर नळीकडचा भाग आणि मागची फ्रेम जिथे कुलूपबंद होतात तिथून उजेड दिसला. बिजागरी ताणली गेली होती. आणखी किती बार निघाले असते कुणास ठाऊक, पण फुटतं तेव्हा वरचा भाग तोंडाच्या दिशेने येतो. मी त्याला ते परवानाधारक गनस्मिथकडे न्यायला लावलं, आणि त्यानेही ते पुन्हा चालवण्याजोगं नाही असंच सांगितलं.

म्हणून भाच्याला सरळ सांगितलं, पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरात नाही म्हणजे नाही. हत्यार नवं असलं तरी नाही.

आता 'प्लस पी'. डब्यावर असं लिहिलं असेल तर ते नेहमीपेक्षा जास्त दाबाला भरलेलं, पण कारखान्याने मोजून भरलेलं काडतूस असतं. .३८ स्पेशलची साधी मर्यादा १७,०००, प्लस पीची २०,०००. ९ एमएमची ३५,००० वरून ३८,५००. .४५ ची २१,००० वरून २३,०००. यातलं ९ एमएम आणि .३८ आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळतच नाही. आणि 'सामी'च्या यादीत .३२ लाँगला प्लस पी असा प्रकारच नाही. कुणी तुम्हाला ".३२ चं प्लस पी" विकत असेल तर ते एकतर दुसरंच काडतूस आहे, नाहीतर कुणीतरी अंदाजाने दारू भरलेली पुंगळी आहे. अशी पुंगळी हातातही घेऊ नका. परवान्याशिवाय काडतूस भरणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि भरणाऱ्याने दारू कुठली आणि किती घातली हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

ज्यांच्याकडे खरंच प्लस पी चालणारं हत्यार आहे, त्यांनी तीन ठिकाणी बघावं. नळीवरचा ठसा, काडतुसाच्या बुडावरचा ठसा, आणि कंपनीचं माहितीपुस्तक. तिन्हीकडे एकच गोष्ट लिहिलेली हवी. पुस्तकात प्लस पीचा उल्लेखच नसेल तर ते चालत नाही असंच समजायचं. डब्यावर 'प्लस पी प्लस' असेल तर त्याला 'सामी'ची कसलीच मर्यादा नाही, मी ते कुणालाही सुचवणार नाही.

फायदा किती? हिशोब करून बघा. वेग १५ टक्के वाढला तर ऊर्जा ३२ टक्क्यांनी वाढते. कागदावर छान दिसतं. पण नळी दोन-तीन इंचांची असेल तर वाढीव दारूचा बराच भाग नळीबाहेर जळतो. रात्री त्याची मोठी ज्वाळा डोळ्यासमोर येते आणि क्षणभर समोरचं नीट दिसत नाही. बंद खोलीत कानठळ्या बसतात. हाताला झटका जास्त, म्हणून दुसरा बार उशिरा आणि भलतीकडे. फौजेत नवी पोरं ९ एमएम पिस्तूल चालवायची तेव्हा मी हेच बघायचो. पहिली गोळी बरी लागायची, दुसरी झटक्याच्या भीतीने खाली जायची. आणि पिस्तुलाला जोराचं काडतूस रोज घातलं की स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, फ्रेमवर आदळत राहते, आणि तिला परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग लवकर मरते.

काडतूस कुठलंही वापरा, वर्षातून एकदा हत्यार तपासा. रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या, मग परत एकदा सहाही भोकं बोटाने चाचपा. चक्री बंद करून अंगठा आणि तर्जनीत धरा, पुढे-मागे हलवा. जाणवण्याइतकी खेळत असेल तर झीज आहे. मोटरसायकलचा मेस्त्री टॅपेट सेट करायला फीलर गेज वापरतो ना, तेच घ्या. चक्रीचं तोंड आणि नळी यांच्यातली फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असावी. मग घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढा. तो अडकायच्या आत प्रत्येक भोक नळीसमोर येऊन चक्री घट्ट थांबली पाहिजे. सहाच्या सहा वेळा बघा, पाच वेळा बरोबर असून चालत नाही. शेवटी नळीची मागची कड आणि तिच्यावरून जाणारी फ्रेमची पट्टी टॉर्च मारून बघा. बारीक तडा दिसला तर हत्यार बंद. स्वतः कानस लावायची नाही, आणि गावातल्या लेथवाल्याकडेही न्यायचं नाही. दुरुस्तीलाही परवाना लागतो, तो त्याच्याकडे नसतो.

आणखी एक, जे जोराच्या नादात सगळे विसरतात. बार फुसका वाजला, झटका कमी लागला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सोडली की नळी फुगते किंवा फाटते. साध्या, कमी दाबाच्या काडतुसाने होणारा हा अपघात आहे, आणि तो जुन्या, ओल लागलेल्या काडतुसांनी जास्त होतो. कृष्णाकाठच्या घरांत पावसाळ्यात भिंती घामेजतात, तिथे काडतुसं उघडी ठेवू नका.

भाच्याचा चेहरा उतरला. त्याला म्हटलं, जोराच्या काडतुसावर घालणार होतास ते पैसे नेमबाजीच्या रेंजवर घाल. परवान्यावर वर्षाला जेवढी काडतुसं मिळतात त्यातली काही दर वर्षी रेंजवर सरावाला वापर, शेतात चिंचेच्या बुंध्यावर नाही. साधं काडतूस सात मीटरवर पाचही वेळा वहीच्या पानात लागलं, तर तुला दुसरं काही लागणार नाही. लागत नसेल, तर जोराचं काडतूस फक्त जास्त जोरात चुकेल.

जाण्याआधी आम्ही त्याचा काडतुसांचा डबा बघितला. त्याच्या चुलत्याच्या पिस्तुलाची काडतुसं आणि त्याची, दोन्ही घरी एकाच कपाटात, एकाच स्टीलच्या डब्यात असायची असं तेव्हा बोलता बोलता कळलं. बहिणीच्या शिवणकामातली लाल पट्टी मागून घेतली. त्याच्या डब्याला ती गुंडाळली, त्यावर मार्करने 'रिव्हॉल्व्हर' लिहिलं, आणि घरी पोचल्यावर चुलत्याची काडतुसं त्यांच्याच कुलपात, त्यांच्याच हाताने ठेवायला लावायची असं बजावून त्याला गाडीवर बसवला. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला, झालं म्हणून.