जर्मनला प्रवेश घेतलाय? मग पदवीतून हे वसूल करा

प्रवेशाच्या दिवसांत पुण्यातली मुलं मला हमखास विचारतात, "ताई, मॅक्सम्युलर भवनात बी-टू म्हणजे जर्मनची चांगली वरची पातळी करता येतं, मग विद्यापीठात वर्षं कशाला घालवायची?" नोकरीपुरती भाषा हवी असेल तर क्लास पुरे, हे मी सरळ सांगते. विद्यापीठात त्यापलीकडचं मिळतं, पण ते मागून घ्यावं लागतं.

व्याकरणाचा धसका घेऊ नका. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत आणि गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं, त्याची आपल्याला सवयच आहे. फक्त जर्मन नामांची लिंगं मराठीशी जुळतीलच असं नाही, म्हणून शब्द लिंगासकटच पाठ करा.

संस्कृतीचा पेपर नोट्सवर निघतो. तसा काढू नका. एकच गोष्ट धरा आणि तिचा पिच्छा पुरवा. मी मुलांना 'श्टोल्परश्टाइन' देते. नाझींनी ज्यांना नेलं, त्यांच्या घरासमोर फुटपाथमध्येच बसवलेला दगड, वर जेमतेम १० सेंटिमीटरचा पितळी पत्रा. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९०च्या दशकात हे काम सुरू केलं. पत्र्यावर बहुधा 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कधी आणि कुठे नेलं, शेवट काय झाला. एवढं जर्मन पहिल्या वर्षाच्या मुलाला वाचता येतं. दगडांचे फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत. एक निवडा, त्या माणसाची माहिती शोधा. मग म्युनिककडे वळा. तिथे सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवू देत नाहीत. मृतांची नावं पायदळी येतात, असा विरोधकांचा आक्षेप. दोन्ही बाजू वाचा आणि वर्गात जर्मनमधून आपली बाजू मांडा. चुका होऊ देत. स्वतःच्या गुन्ह्याशी एक देश कसा झगडतो, हे या वादात जेवढं कळतं तेवढं गाइडमध्ये कधीच कळणार नाही.

पुढच्या वर्षांत आपल्या मातीकडे या. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातले अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांमध्ये राहून अभ्यास केला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावरचं त्यांचं पुस्तक १९७६ साली जर्मनमध्ये आलं. त्यातली दोन पानं मराठीत आणा आणि खंडोबाला जाणाऱ्या घरात कुणाला तरी वाचून दाखवा. काय खटकलं, ते विचारा.

मग डाडच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या जर्मन संस्थेच्या, एखाद्या शिष्यवृत्तीला अर्ज करा. 'मला जर्मन संस्कृती आवडते' हे वाक्य त्यात नको. त्या दोन पानांवर घरच्यांनी काय हरकत घेतली, ते लिहा.