सांध्यावर घसरणारी वाघीण
दादरच्या मित्राकडून आलेली मॉडेल रेल्वेची, एचओ मापाची (खरीच्या 1:87) 40 फुटी अमेरिकन बॉक्सकार, म्हणजे बंद मालवाघीण, प्रत्येक सांध्यावर (जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते) घसरायची. छतावर चालायची फळी आहे, म्हणजे नमुना 1966च्या आधीचा. पुढे नव्या वाघिणींवर ती फळी बंद झाली. आमच्यासारख्या वेड्यांना नेमकी तीच हवी असते!

रूळ ठीक होते, बाकी गाड्या सुसाट जात होत्या. मग वाघीण स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. फारच हलकी. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचं वजनाचं माप असं: एक औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. साडेपाच इंचांना साधारण 106 ग्रॅम. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं आणली, ठोकून चपटी केली आणि आत तळाला चिकटवली. (शिसं हाताळल्यावर हात धुवा.)

खरा फरक पडला तो स्क्रूने. एका बोगीचा (वाघिणीखालची चाकांची चौकट) स्क्रू इतकाच आवळायचा की ती फक्त वळेल, डुलणार नाही. दुसरीचा थोडा ढिला, म्हणजे ती डुलेलही. तीन पायांचं स्टूल डगमगत नाही, तसंच हे. प्लास्टिकची चाकं काढून धातूची बसवली, ती कमी मळतात. आता इंजिनाने मागे ढकलली तरी सांधा पार करते.